माणदेशी तरंग की शहरातला खाजगी एफएम?

खाजगी एफएमवर दिवसभर तीच पंधरा-वीस गाणी, मध्ये आरजेची बडबड आणि जाहिराती. ट्रॅफिकमध्ये अडकलात तर ठीक आहे, गाडी पुढे सरकेपर्यंत वेळ जातो.

म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’चा बाज वेगळा. दुष्काळी माण तालुक्यातलं हे सामुदायिक रेडिओ केंद्र. इथं बोलणारी माणसं आपल्याच गावातली, भाषा माणदेशी, विषय शेती, आरोग्य, बचत. अशा केंद्रांनी निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार करावेत, असा नियमच आहे. कधी आवाज खरखरतो, सफाई कमी वाटते. मला तेच आवडतं. ताकद मात्र 100 वॅटचीच, त्यामुळे गाडी थोडी दूर गेली की आवाज गायब. स्वतःच्या बातम्या मात्र दोघांनाही देता येत नाहीत.