डिप्लोमा की अकरावी? सांगलीतल्या एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

दहावीनंतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा की अकरावी सायन्स, यावरून आमच्या घरात दोन तट पडले होते. लेकीचे बाबा अकरावीच्या बाजूचे. माझा भाऊ स्वतः डिप्लोमा करून कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला लागला, त्यामुळे तो डिप्लोमाच म्हणायचा. लेक दोघांचं ऐकून घ्यायची आणि "तुम्हीच ठरवा" म्हणून आत निघून जायची. शेवटी विश्रामबागेतल्या एका समुपदेशन केंद्रात तिची अभिक्षमता चाचणी, म्हणजे कुठल्या प्रकारच्या कामात डोकं जास्त चालतं ते बघणारी परीक्षा, करून घेतली. चाचणी, रिपोर्ट आणि समुपदेशक मॅडमशी भेट, सगळं मिळून अडीच हजार रुपये. माझ्या मते पैसे वसूल.

चाचणी सकाळी सुरू झाली ती जेवणाच्या वेळेपर्यंत चालली. भाषा, आकडेमोड, आकृत्यांमधला क्रम, यंत्रांची समज, असे वेगवेगळे भाग आणि प्रत्येकाला घड्याळ लावलेलं. एका भागात उलगडलेल्या कागदाचं चित्र असतं; तो दुमडला की चारपैकी कोणता खोका तयार होईल ते ओळखायचं. लेक बाहेर आली ती त्यावरच बोलत. रिक्षात बसल्यावर माझ्या हातातल्या पावतीच्या घड्या घालून मला दाखवत होती. अभ्यासाबद्दल ती आपणहून इतकं बोललेली मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

रिपोर्टच्या भेटीला मुलीसह आई-बाबा दोघांनीही यायचं, अशी केंद्राची अट आहे. अट चांगली आहे, कारण खरं काम त्या भेटीतच झालं. आकडेमोडीपुढे ५५ आकडा बघून तिच्या बाबांचा चेहरा उतरला. मॅडमनी लगेच सांगितलं, हे ५५ टक्के गुण नव्हेत. तिच्या वयाच्या शंभर मुलांना ओळीने उभं केलं तर साधारण पंचावन्न तिच्या मागे असतील. म्हणजे मधोमध, काळजीचं काही नाही. त्या खोक्यांच्या भागात मात्र ती पार पुढे होती.

मग मॅडमनी एक कोरा कागद घेतला आणि दोन्ही वाटा आखल्या. अकरावी-बारावी दोन वर्षं, मग इंजिनिअरिंगची चार. डिप्लोमा तीन वर्षं, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी तीन. दोन्हीकडे सहाच! डिप्लोमावाल्यांना त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर प्रवेश मिळतो. बारावी सायन्स करूनही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मागे फिरणं अवघड कुठे, तर डिप्लोमा घेतल्यावर डॉक्टर व्हायचं मनात आलं तर. त्याला बायोलॉजी घेऊन बारावीच लागते. मॅडमनी लेकीला सरळ विचारलं, "ते दार बंद झालं तर तुला चालेल का?" ती म्हणाली, "चालेल. मला रक्त बघवत नाही." इतके दिवस घरात वाद चालला होता, पण हा प्रश्न आमच्यापैकी कोणीच तिला विचारला नव्हता.

काय घ्यायचं हे मॅडमनी सांगितलं नाही. बाबांनी दोनदा विचारलं, तरी नाहीच. तिला एक काम दिलं: तीन दिवस असं धरून चालायचं की डिप्लोमाला प्रवेश झाला आहे, पुढचे तीन दिवस अकरावीला. रोज रात्री कसं वाटलं ते दोन ओळीत लिहायचं. घरच्यांनी त्या वहीला हात लावायचा नाही. सातव्या दिवशी जेवताना लेकीनेच सांगितलं, "डिप्लोमा, सिव्हिल." बाबांनी फक्त कॉलेज कोणतं एवढंच विचारलं.

एक उणीव आहे. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर, वीसेक पानांचा. मराठी माध्यमाच्या घरात तो कपाटात जाऊन पडणार. आम्हाला उपयोग झाला तो त्या कोऱ्या कागदाचा. दोन पानं मराठीत दिली तरी पुष्कळ. म्हणून पाचपैकी चार.

तुमच्या गावात केंद्र शोधताना आधी विचारा, चाचणी घेणारी व्यक्ती मानसशास्त्र शिकलेली आहे का आणि निकाल समजावायला किती वेळ देणार. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणारी डीएमआयटी कोणी पुढे केली तर उठून या; तिला शास्त्रीय आधार नाही. आणि दहावीच्या निकालाची वाट बघू नका, पेपर संपले की जा. एकदा प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की पसंतीक्रम भरायला मोजके दिवस असतात. अकरावीच्या यादीत तर पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, म्हणून पहिल्या ओळीत काय लिहायचं ते आधीच पक्कं हवं.