घराबाहेरची कपड्यांची तार: काही महिन्यांच्या वापरानंतर

अंगणात कपडे वाळत घालायला तार लावली, तिने उन्हाळा पाहिला, पावसाळाही पाहिला. आता खात्रीने सांगते: तार कोणती घ्यावी याचा आपण जितका खल करतो, त्याच्या दुप्पट विचार तिची दोन टोकं कशात अडकवायची याचा करायला हवा.

आमच्याकडे एक टोक घराच्या भिंतीत आहे, दुसरं जमिनीत पुरलेल्या लोखंडी पाइपच्या खांबाला. मधलं अंतर पाच मीटर. तार ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची, बारीक तारा पिळून केलेली. अजून कुठेही गंजाचा ठिपका नाही. समुद्र जवळ असेल तर मात्र ३१६ दर्जाची घ्या, खाऱ्या हवेत ती जास्त टिकते. नायलॉनची दोरी मी आधीच बाद केली होती. ओली झाली की ती लांबते आणि उन्हाने हळूहळू कमजोर होते. प्लास्टिकचं आवरण असलेली तार हाताला छान लागते, पण आतली तार साध्या लोखंडाची असेल तर कापलेल्या टोकातून पाणी शिरतं आणि आवरणाखाली गंज पसरत राहतो. तो कळतो थेट पांढऱ्या कपड्यावर डाग पडल्यावर.

घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "जरा ओढून घ्या की, झोळ दिसतोय." तो झोळ मुद्दाम ठेवला आहे. पाच मीटर तारेवर दहा किलो ओले कपडे सारखे पसरले आणि मध्ये २५ सेंटिमीटर झोळ असला, तर प्रत्येक टोकावर साधारण २५ किलोची ओढ येते. झोळ दहा सेंटिमीटरवर आणला की तीच ओढ साठ किलोच्या वर जाते, आणि पाच सेंटिमीटरवर आणला तर सव्वाशेच्या आसपास. कपडे तेवढेच, वजन तेवढंच! भिंतीतून हूक उपटून येतात, खांब आत कलतात, ते बऱ्याचदा या हौसेपायी. म्हणून टर्नबकल (फिरवून तार ताणायचा आट्यांचा जोड) लावलं असलं तरी ते बेताने फिरवावं, आणि त्याचं लॉकनट (ते जागेवर धरून ठेवणारा नट) घट्ट करायला विसरू नये, नाहीतर वाऱ्याने तार हलत राहते तसे आटे सुटत जातात.

भिंतीच्या बाजूला अँकर फास्टनर (भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट) घातला आहे. भोक विटेच्या मधोमध हवं, दोन विटांच्या सांध्यात नको. गिलाव्याची जाडी खोलीत धरायची नाही, पकड विटेतच मिळायला हवी. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत ठोकून फुगणारा फास्टनर नीट धरत नाही. तिथे केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून बसवायचा बोल्ट) लावावा. खांबासाठी दोन फूट खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरलं, आणि आठवडाभर त्यावर पाणी मारत राहिलो, तोवर तार बांधली नाही. खांब बाहेरच्या बाजूला किंचित झुकता ठेवला होता. आज तो सरळ उभा दिसतो.

तारेचं टोक वळवून यू-क्लॅम्पने आवळताना एक बारकावा पाहा: क्लॅम्पचा जाड, खाचांचा भाग ताण घेणाऱ्या लांब तारेवर बसतो आणि यू आकाराची सळी उरलेल्या छोट्या टोकावर. उलटं बसवलं तर ताण घेणारी तारच चेपते. एका टोकाला एकापेक्षा जास्त क्लॅम्प लावा.

वापराचं म्हणाल तर मी मनापासून खूश आहे. कपडे वाळायला उन्हाइतकाच वारा लागतो हे इथे रोज दिसतं; ढगाळ पण वाऱ्याच्या दिवशी चादरी झटपट वाळतात. दमट, निवांत हवेत मात्र तारेचाही इलाज चालत नाही. चादर दुमडून टाकली की आतला पदर ओलाच राहतो, म्हणून शेजारी दुसरी तार हातभर अंतरावर बांधली आणि चादर दोन्हींवर पसरते. रंगीत कपडे उलटे करून घालते, बाहेरचा रंग टिकतो.

तक्रार एकच, प्लास्टिकच्या चिमट्यांची. उन्हाने ते इतके ठिसूळ झाले की दाबले की कडकन तुटतात. आता स्टीलचे घेतले आहेत, आणि काम झालं की ते तारेवर न ठेवता डब्यात भरून आत नेते.