ठेव विमा: आईचे पैसे खरंच परत आले
गिरगावातल्या आमच्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पोटात गोळाच आला, आई पासबुक छातीशी धरून बंद शटरसमोर उभी, मला वाटलं गेले आता पैसे. पण फॉर्म भरला, आधार दिलं आणि ९० दिवसांत ठेव विम्याचे, म्हणजे बँक अडचणीत आली तर ठेवीदाराला मिळणारे पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जमा! २०१९ला पीएमसी ही सहकारी बँक अडचणीत आली, लोकांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते, मग २०२०ला विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली आणि २०२१ला कायदा बदलून ही ९० दिवसांची मुदत आली, त्या लोकांनी सोसलं म्हणून आम्हाला मिळालं हो. फक्त ५ लाखात व्याजही धरतात, तेही त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी मिळून. बँकेतल्या काउंटरवर मात्र कोणी धड माहिती देत नव्हतं. विम्याला पाच स्टार.