सेव्हियातला तापास बार : आत काउंटरवर एक, बाहेर टेरेसवर दुसराच

स्पेनमधल्या सेव्हियात नदीपलीकडच्या ट्रियाना भागातला हा जुना बार. नाव देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा त्या भागातल्या इतर बारनाही लागू पडतात. कित्येक महिने नेमाने खाल्ल्यावर मत असं झालंय : भर दुपारी आत काउंटरला उभं राहून खाल्लं तर इथलं जेवण उत्तम. शनिवारी रात्री टेरेसवर (गच्ची नव्हे, बाहेर मांडलेली टेबलं) बसलात तर पैसे जास्त, चवी कमी आणि तळण तेलकट. स्वयंपाकघर तेच, माणसंही तीच.

आधी मापं समजून घ्या. तापा म्हणजे छोटी बशी, मीडिया रासिओन म्हणजे दोघांना पुरेल एवढी अर्धी प्लेट, रासिओन म्हणजे पूर्ण. इथे तापा साधारण साडेतीन ते साडेचार युरो, मीडिया आठ ते दहा. आत सगळी मापं मिळतात. बाहेरच्या मेन्यूत मात्र तापाचा रकानाच नाही, सुरुवातच मीडियापासून. आत दोघांत वीस युरोत पाच पदार्थ चाखून होतात, बाहेर तेवढ्यात दोनच. ग्रानादात ड्रिंकबरोबर फुकट तापा येतो, तशी अपेक्षा सेव्हियात ठेवू नका; इथे प्रत्येक बशीचे पैसे पडतात.

न मागता टेबलावर येणाऱ्या पाव आणि पिकोसचे (पावाच्या कडक छोट्या काड्या) माणशी पैसे लागतात. नको असतील तर आल्या आल्या ‘सिन पान’ (पाव नको) म्हणा, ते परत नेतात. नुसतं ‘आग्वा’ (पाणी) म्हटलं की बाटली येते. २०२२ च्या कचराविषयक कायद्याने स्पेनमधल्या हॉटेलांना नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, म्हणून ‘आग्वा देल ग्रिफो’ असं स्पष्ट मागा. आत कुणी कुरकुरत नाही. टेरेसवर दोनदा सांगावं लागतं.

आता खाणं. इथला सगळ्यात भरवशाचा पदार्थ म्हणजे एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, पालक आणि काबुली चणे. याची सगळी गंमत वाटणात असते : ऑलिव्ह तेलात तळलेला पाव आणि लसूण, त्यात जिरं, पिमेन्तोन (लाल मिरचीची पूड) आणि शेरीचं व्हिनेगर. पावामुळे रस दाट होतो, पालकाचं पाणी बाजूला सुटत नाही. जिरं-लसणाच्या या चवीवर मराठी जीभ लगेच रुळते. दुपारी हे पातेल्यातून थेट वाढतात. रात्री उशिरा तेच मायक्रोवेव्हमधून येतं. कडेला चटका बसेल इतकं गरम आणि मधे गार. तसं आलं तर सरळ परत पाठवा.

तळणात खरी परीक्षा काझोन एन आदोबोची. काझोन म्हणजे आपल्या मुशीसारखा छोटा शार्क. त्याचे तुकडे व्हिनेगर, लसूण, जिरं, ओरेगानो आणि पिमेन्तोनमध्ये कित्येक तास मुरवतात, नीट निथळवून जाडसर पिठात घोळवतात आणि १८०° सेल्सिअसच्या आसपास तळतात. निथळवायला आळस केला तर पिठाचा चिखल होऊन कवच सुटतं. दुसरा घोटाळा गर्दीत होतो : एकाच कढईत चार-पाच ऑर्डरी एकदम सोडल्या की तेल गार पडतं, कवच धरायच्या आत तुकडे तेल पितात. त्यात बाहेरच्या प्लेटा खिडकीशी वेटरची वाट बघत राहतात आणि वाफेने मऊ पडतात. शनिवार रात्रीच्या तेलकटपणाचं कारण एवढंच आहे. दुपारी पावणेदोनला हेच तुकडे बाहेरून खरपूस आणि आतून रसाळ मिळतात. सोमवारी मात्र तळलेली मासळी टाळाच. रविवारी बोटी बाहेर पडत नाहीत.

बोकेरोनेस एन विनाग्रे, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेले कच्चे मांदेलीसारखे मासे, इथे निर्धास्त खा. आनिसाकिस नावाची कृमी व्हिनेगरने मरत नाही, म्हणून स्पेनमध्ये २००६ पासून असे मासे आधी गोठवणं सक्तीचं आहे, उणे २०° वर किमान २४ तास. इथे तशी पाटी लावलेली आहे. जिथे पाटी नाही तिथे विचारायला लाजू नये.

तोर्तियाची वेळ सांभाळा. बटाट्याचं हे जाड ऑम्लेट एकच्या सुमाराला तयार होतं. तेव्हा कापलं तर मधला भाग ओलसर, बटाटा तेलात शिजून विरघळू लागलेला. रात्री तेच फ्रीजमधून, कोरडं ठणठणीत. ओलसर तोर्तियाची धास्ती वाटत असेल तर ‘उएवो पास्तेउरिसादो’ वापरता का, एवढं विचारा. नियमानुसार अंड्याचा पदार्थ आतपर्यंत ७०° ला दोन सेकंद (लगेच खायचा असेल तर ६३° ला वीस सेकंद) तापला नसेल, तर पाश्चराइज्ड अंडंच वापरावं लागतं.

क्रोकेतास (पांढऱ्या सॉसचे तळलेले छोटे गोळे) बाबतीत मात्र राग येतो. आठवड्याच्या दिवशी घरच्या असतात : आकार किंचित वेडेवाकडे, कवच पातळ, आतला बेशामेल (दूध-मैद्याचा घट्ट सॉस) मऊ, त्यात पुचेरोच्या (मांस उकळून केलेल्या रश्श्याच्या) मांसाचे धागे दिसतात. शनिवार-रविवारी गर्दीत त्याच नावाने, त्याच किमतीत तयार गोठवलेल्या येतात. ओळखायला सोप्या : सगळ्या एका साच्यातल्या, कवच जाड, आत पिठूळ लगदा. मेन्यूवर ‘कासेरास’ (घरगुती) लिहून असं करणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

खामोनचंही (डुकराची खारवून वाळवलेली मांडी) तसंच. मेन्यूत नुसतं ‘इबेरिको’ (डुकराची तिथली देशी जात) लिहिलंय. डुकराच्या पायावरची चकती बघा : काळी म्हणजे शंभर टक्के इबेरिको आणि ओकची फळं खाऊन वाढलेलं, लाल म्हणजे तीच फळं पण संकरित जात, हिरवी मोकळ्या शिवारातलं, पांढरी खाद्यावर वाढवलेलं. इथे टांगलेल्यांवर चकती पांढरी आणि भाव लालच्या जवळपास. शिवाय फ्रीजमधून थेट वाढतात, त्यामुळे चरबी अपारदर्शक आणि मेणचट राहते. चांगलं खामोन खोलीच्या तापमानाला वाढतात, तेव्हा चरबी चमकते आणि जिभेवर विरघळते. इथे घेऊ नका.

शाकाहारी मंडळींसाठी. बेरेन्खेनास कोन मिएल, म्हणजे तळलेल्या वांग्याच्या चकत्या, वरून उसाची काकवी; उत्तम. पण तळणाचं तेल मासळीचंच असतं, ते चालणार नसेल तर सोडा. साल्मोरेखो या गार टोमॅटो-पावाच्या दाट सूपवर अंडं आणि खामोन सवयीने टाकलं जातं, म्हणून ऑर्डर देतानाच ‘सिन खामोन’ सांगा. एन्सालादिया रुसात (मेयोनेझ घातलेलं बटाट्याचं सॅलड) ट्यूना मासा असतो. पालक-चण्यातही मांसाचा रस्सा घालत नाहीत ना, हे दुसऱ्या बारमध्ये एकदा विचारून घ्या. इथे घालत नाहीत.

हिशेब. आत वेटर खडूने लाकडी काउंटरवरच आकडे मांडतो, तुमच्या डोळ्यांसमोर, आणि त्यात कधी गफलत दिसली नाही. बाहेरची बिलं मशीनमधून येतात. त्यात न आलेली बशी किंवा जादा पाव सापडतो. पाटीवरचा ‘फुएरा दे कार्ता’ (मेन्यूबाहेरचा) पदार्थ घेताना भाव आधी विचारा, वेटर स्वतःहून सांगत नाही. टेरेसचा जादा आकार दरपत्रकात छापलेला नसेल तर तो लावता येत नाही. बोलून भागलं नाही तर ‘ओखा दे रेक्लामासिओनेस’, म्हणजे तक्रारपत्रक मागा. ते ठेवणं आणि मागितल्यावर देणं प्रत्येक हॉटेलावर बंधनकारक आहे. बहुतेक वेळा नुसतं नाव काढल्यावरच बिल दुरुस्त होऊन येतं.

जाणार असाल तर मंगळवार ते शुक्रवार, दुपारी दीड वाजता स्वयंपाकघर उघडताच. अडीचनंतर काउंटरला कोपर टेकायलाही जागा उरत नाही. ऑगस्टमध्ये बार बंद असतो.