बिडाच्या कीलवर इपॉक्सी प्रायमर: एका सीझननंतरचा अनुभव

ऑक्टोबरात लावलेला रंग मे महिन्यात होडी वर काढल्यावर पाहिला. मधला सगळा काळ ती मुंबई बंदरात मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधलेली होती. होडी २६ फुटी, शिडाची; तिच्या तळाखालची जड, उभी कील बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. इंटरनॅशनलचा इंटरप्रोटेक्ट हा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर तांब्याचं अँटिफाउलिंग, म्हणजे शिंपले-शेवाळ चिकटू न देणारा लेप. रंग उत्तम आहे, मी पुन्हा तोच घेईन. पण तो किती टिकणार, हे डबा उघडण्याआधीच ठरतं.

कीलचा बहुतेक भाग ग्रिट ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने टोकदार कण मारून धातू साफ करणं) करून घेतला होता. तिथले बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) खरवडले, तर खाली प्रायमर जसाच्या तसा. वरच्या पट्ट्यात मात्र होडीच्या फायबरला ग्रिट लागू नये म्हणून ग्राइंडर आणि तारेचा ब्रश एवढ्यावरच काम भागवावं लागलं, आणि फोड आले ते नेमके तिथेच. एक फोड पटाशीने उघडला तर आधी काळपट पाणी आलं आणि मग नखाने निघेल अशी मऊ काळी भुकटी. खाऱ्या पाण्याने बिडातलं लोखंड खाल्लं की मागे ग्राफाइट उरतं, तीच ही. ब्रश मारलेलं बीड चकचकीत दिसतं, पण बारीक छिद्रांत मीठ बसलेलं असतं आणि ते रंगाखाली पाणी ओढत राहतं. त्यामुळे ब्लास्टिंगच्या आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा. पैसे वाचवायचेच असतील तर रंगात वाचवा, ब्लास्टिंगमध्ये नको.

उघडं झालेलं बीड आपल्या दमट हवेत काही तासांत तांबूस पडायला लागतं, म्हणून पहिला हात त्याच दिवशी बसलाच पाहिजे. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं, त्यामुळे संध्याकाळचं काम टाळलेलं बरं. उन्हाळी हवेत मिसळलेला रंग लवकर घट्ट होतो, थोडा थोडाच कालवा. करडा आणि पांढरा असे आलटून पालटून हात दिले की कुठे राहिलं ते लगेच दिसतं. शेवटच्या हातावर बोट टेकल्यावर ठसा उमटतो पण रंग बोटाला लागत नाही, तेव्हा अँटिफाउलिंग सुरू करायचं. मधला इपॉक्सीचा थर अजिबात कमी करू नका. तांब्याचा रंग उघड्या बिडाला भिडला की समुद्राच्या पाण्यात बीडच झिजतं.

झिंकचा ॲनोड, म्हणजे कीलऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, अर्ध्याच्या आसपास झिजला होता, म्हणजे तो काम करत होता. तो कीलला पक्का जोडलेला असावा आणि त्यावर रंगाचा थेंबही नसावा.

कील आणि होडीच्या सांध्यातून गंजाचा ओघळ दिसला तर मात्र रंगावर भागवू नका. सीलंट काढून कील धरून ठेवणारे बोल्ट तपासून घ्या. मे २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये ‘चीकी रफिकी’ या होडीची कील निखळली आणि चौघांचा जीव गेला. आमच्या सांध्यातलं सीलंट कोरडं आणि घट्ट निघालं, तेव्हा खरंच हायसं वाटलं.

राहिला कीलचा तळ. आधारावर टेकलेला भाग रंगवता येत नाही, आणि ओहोटीला गाळात टेकून तिथला थर आधी जातो. आता तोही रंगवता यावा म्हणून होडी पाण्यात सोडताना क्रेनवर एक रात्र टांगून ठेवायचं भाडं मोजणार आहे.