कमोडोर ६४ ची नवी प्रत घेणार असाल तर मिनी कुठला आणि मोठा कुठला हे आधी बघा, माझे साडेसतरा हजार गेलेत

जुन्या होम कॉम्प्युटरची नवीन आवृत्ती घ्यायचं कोणाच्या डोक्यात असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा प्लीज.

१९८२ सालच्या कमोडोर ६४ च्या दोन नवीन प्रती रेट्रो गेम्स या ब्रिटिश कंपनीने काढल्यात. २०१८ ची द सी६४ मिनी, मूळच्या निम्म्या आकाराची, आणि २०१९ च्या डिसेंबरात आलेली द सी६४, जी मूळ मशीनएवढीच आहे. फोटोत दोन्ही सेम टु सेम. दोन्हींत ६४ गेम, दोन्ही एचडीएमआयने टीव्हीला लागतात. पण मिनीचा कीबोर्ड निव्वळ शोभेचा, बटणं दाबलीच जात नाहीत, टाइप करायचं तर वेगळा यूएसबी कीबोर्ड लावावा लागतो. मोठ्याचा कीबोर्ड खरा चालतो. फसवणारे नेमका ह्याचाच फायदा घेतात.

मला मोठाच हवा होता कारण लेकीला बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची होती, निळ्या स्क्रीनवर ते रेडी (READY) अक्षरं आली की तिने त्याच कीबोर्डवर स्वतः दोन ओळी टाइप कराव्यात एवढीच हौस. सोशल मीडियावर एक पेज सापडलं, युकेहून मागवून देतो म्हणणारं, फोटो सगळे मोठ्या मशीनचे, किंमत १३,३०० आणि निम्मे आधी यूपीआयने. कीबोर्ड चालतो ना हे मी चॅटवर स्पष्ट विचारलं, उत्तर आलं "हो सर, ओरिजिनल वर्किंग कीबोर्ड". उरलेले पैसे पाठवून झाल्यावर एका माणसाचा फोन, मी मुंबई कस्टममधून बोलतोय, पार्सल अडकलंय, आज ४,२०० भरले नाहीत तर परत जाईल, आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का मारलेला कागद. तेही भरले.

पार्सल आलं तर लेबलवर बुकिंग दिल्लीचं, तारीख त्या फोनच्याच दिवसाची! म्हणजे वस्तू भारतातच पडून होती, कस्टमचा काही संबंधच नव्हता. आत मिनी, तोही वापरलेला, जॉयस्टिक उजवीकडे जातच नाही. लेक बटणं दाबत बसली, तिला वाटलं आपल्यालाच जमत नाहीये, त्याचा मला जास्त राग आला. विक्रेता म्हणतो तुम्ही सी६४ मागितला होता, हा सी६४ च आहे, आणि मग ब्लॉक.

मिनी वाईट नाही हो, ज्याला फक्त गेम खेळायचेत त्याने मिनीच्या किमतीत जरूर घ्यावा. पण मोठ्याचे पैसे देणार असाल तर विक्रेत्याकडून व्हिडिओ कॉलवर बटण दाबून स्क्रीनवर अक्षर उमटताना बघा, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही. यूएसबी पोर्टही मोजा, मिनीला दोन असतात, मोठ्याला चार. खोक्यावर मिनी शब्द आहे का तेही बघा. अमिगा आणि अटारी या जुन्या कॉम्प्युटरच्या नव्या प्रती, म्हणजे द ए५०० मिनी आणि द ४०० मिनी, यांचा कीबोर्डही असाच शोभेचा आहे, तिथेही हाच खेळ होऊ शकतो. २०२४ ची द स्पेक्ट्रम (तीही एका जुन्या कॉम्प्युटरची नवी प्रत) मात्र पूर्ण आकाराची आहे आणि तिची रबरी बटणं चालतात.

कस्टमचं म्हणाल तर ड्युटी पोस्टातून किंवा कुरियर कंपनीमार्फत पावतीसकट भरायची असते, कुणाच्या खाजगी यूपीआयवर कधीच नाही. कस्टमच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा नंबर असतो, तो सीबीआयसी म्हणजे कस्टम बोर्डाच्या वेबसाइटवर टाकून तपासता येतो. माझ्या कागदावर तो नव्हताच.

आणि पैसे गेलेच असतील तर पेजवाल्याशी भांडत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, यूटीआर म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा, कारण समोरच्याने खात्यातून पैसे काढायच्या आत तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात. चॅट, पार्सलचं लेबल, पेजचे स्क्रीनशॉट, सगळं ब्लॉक व्हायच्या आधी सेव्ह करा. माझी तक्रार नोंदवून झालीये, पैसे अजून आलेले नाहीत.