संस्थेकडे माझी नोंदच नव्हती

व्यवस्थापन लेखाशास्त्रातील व्यावसायिक पात्रता मिळवून देण्याच्या नावाखाली एका खासगी क्लासने माझी फसवणूक केली. त्यांचे जवळपास प्रत्येक विधान अर्धे खरे होते, म्हणूनच हा अनुभव तपशीलवार लिहीत आहे.

नेहमीच्या हिशेबलेखनातून बाहेर पडून अंदाजपत्रक, कॉस्टिंग (उत्पादन किंवा सेवेच्या खर्चाचा हिशेब) आणि निर्णयांसाठी लागणारे विश्लेषण या कामाकडे वळण्याची माझी इच्छा होती. त्यासाठी मी चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट अकाउंटंट्स, म्हणजे सिमा, या ब्रिटनमधील संस्थेची पात्रता निवडली. क्लासच्या समुपदेशकाने सांगितले की, माझ्या पदवीमुळे सुरुवातीच्या पेपरांतून सूट मिळेल. पूर्वशिक्षणानुसार सूट खरोखरच मिळते. मात्र ती गुणपत्रके तपासून सिमाच ठरवते, आणि शेवटची स्ट्रॅटेजिक केस स्टडी, म्हणजे एका कंपनीच्या प्रसंगावर आधारित परीक्षा, सूट घेऊन टळत नाही. उरलेल्या वस्तुनिष्ठ परीक्षा आता द्याव्याच लागत नाहीत, असेही त्याने सांगितले. हेही अर्धे खरे होते. सिमाच्या नेहमीच्या मार्गात नव्वद मिनिटांच्या, साठ प्रश्नांच्या वस्तुनिष्ठ परीक्षा असतात, तर फायनान्स लीडरशिप प्रोग्रॅम या दुसऱ्या मार्गात त्यांच्याऐवजी ऑनलाइन मूल्यमापन असते. पण केस स्टडी परीक्षा त्याही मार्गात उत्तीर्ण व्हाव्या लागतात, आणि नेमके हेच त्याने वगळले. सदस्यत्वासाठी लागणाऱ्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष अनुभवाबद्दल विचारले, तेव्हा ‘ते पत्र आम्ही तयार करून देतो’ असे उत्तर मिळाले. हा अनुभवही सिमा स्वतंत्रपणे तपासते, हे मला नंतर समजले.

नोंदणी, वार्षिक वर्गणी, सूट आणि परीक्षा यांचे शुल्क एकत्र घेऊन त्यांनी स्वतःच्या नावाची पावती दिली. तिच्यावर ‘अभ्यासक्रम शुल्क’ एवढाच उल्लेख होता. ‘तुमचे खाते आम्हीच उघडतो, कागदपत्रांत चूक नको,’ असे सांगून त्यांनी ईमेल पत्ता आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवला. माझ्या मते सगळी फसवणूक या एका गोष्टीवर उभी होती. खरी नोंदणी झाली की संस्थेची पत्रे थेट उमेदवाराच्या ईमेलवर येतात, परीक्षेची वेळ त्याच्याच खात्यातून ठरवावी लागते, शुल्काचा हिशेबही तिथेच दिसतो. मला यांपैकी काहीही दिसत नव्हते. हातात होता तो केवळ विद्यार्थी क्रमांक छापलेला एक कागद.

केस स्टडी परीक्षा वर्षातून चार वेळा होते. मला सांगितलेल्या सत्राची वेळ जवळ आली तरी परीक्षा केंद्राकडून कोणतीही पुष्टी आली नव्हती. पुष्टी आदल्या दिवशी येते, असे क्लासकडून सांगण्यात येत होते. त्याच काळात त्यांनी पुढच्या वर्षाची वर्गणीही मागितली. मी तो क्रमांक थेट सिमाला कळवला, तेव्हा माझ्या नावाची नोंदच नसल्याचे उत्तर आले.

याचा जाब विचारल्यावर त्यांनी घाईघाईने एक प्रमाणपत्र पाठवले. त्यावर माझ्या नावापुढे ‘सीएमए’ ही अक्षरे होती आणि खाली सिमाचा उल्लेख होता. हे प्रमाणपत्र रचणाऱ्याला विषयाची ओळखही नसावी. सीएमए हे सिमाचे नामाभिधानच नाही. अमेरिकेतील आयएमए (इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट अकाउंटंट्स) या वेगळ्या संस्थेची सीएमए (सर्टिफाइड मॅनेजमेंट अकाउंटंट) ही दोन भागांची परीक्षा असून प्रत्येक भागात ५०० पैकी ३६० गुण लागतात. दोन्ही संस्थांची स्थापना १९१९ ची, पण त्या एकमेकींची प्रमाणपत्रे देत नाहीत. सिमाच्या सदस्याला मिळणारे सीजीएमए (चार्टर्ड ग्लोबल मॅनेजमेंट अकाउंटंट) हे नामाभिधान तर २०१२ पासूनचे आहे, आणि त्याचा त्या कागदावर पत्ताही नव्हता. असे प्रमाणपत्र नोकरीसाठी सादर केले असते, तर बनावट कागदपत्राचा आरोप माझ्यावर आला असता.

कार्डने भरलेल्या हप्त्यांबाबत मी बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून लेखी हरकत घेतली आणि ती रक्कम परत मिळाली. खात्यातून थेट पाठवलेले पैसे मात्र अजून अडकलेले आहेत, त्याबाबत पोलिसांत तक्रार दिली आहे. पावती, संदेश आणि ते प्रमाणपत्र यांच्या प्रती सिमालाही पाठवल्या आहेत. आता मी स्वतःच्या ईमेलवरून नोंदणी केली आहे. सिमाने दिलेली सूट क्लासने सांगितल्यापेक्षा बरीच कमी निघाल्यामुळे सध्या मी ऑपरेशनल, म्हणजे व्यावसायिक पात्रतेच्या पहिल्या, स्तराच्या पेपरांचा अभ्यास करत आहे.